चावडीवर दोन होड्या

"माजा मानूस खुळा झालाय का न्हाई, तेवडं सांगा. दुसरं कायबी नगं."

एवढं बोलून साळूबाई दहिफळे खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या.

सविता गर्जे यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नगरला सावेडीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं खाजगी चौकश्यांचं ऑफिस होतं. तिथं येणारे बहुतेक लोक लग्नाआधी येत. मुलगा पितो का, दाखवतात ती जमीन खरंच त्यांची आहे का, असलेच प्रश्न. संसाराची चाळिशी उलटल्यावर नवऱ्याची चौकशी करायला आलेल्या साळूबाई पहिल्याच.

"कशावरून वाटतं तुम्हाला, मावशी?"

"आं?"

"कशावरून?" सविता ओरडल्या. खालचं झेरॉक्सचं मशीन क्षणभर थांबलं.

"मला कमी ऐकू येतं, बाई. आन् त्यास्नी नगं तेवडं ऐकू येतं. असा आमचा संसार."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सूर्यभान दहिफळे जन्मभर तटरक्षक दलात रेडिओवर होते. निवृत्त झाल्यावर पाथर्डीच्या कोरड्या माळावर त्यांचं मन लागेना. पाणी दिसलं पाहिजे म्हणून शेवगावच्या पुढं, जायकवाडीच्या फुगवट्याला लागून, नव्या कुरणगावात घर बांधलं. रीतसर परवाना काढून एका खोलीत रेडिओ मांडला. शेजारी स्कॅनर ठेवला.

"स्कॅनर तर खाली दुकानात पण आहे," अजिनाथ मधेच म्हणाला. अजिनाथ म्हणजे सवितांचा धाकटा दीर. गाडी चालवायची आणि मधे बोलायचं, ही दोन्ही कामं तो मन लावून करी.

"तो कागदाचा, भावजी. हा आवाजाचा. हवेत जे वायरलेसवर बोलणं चालू असेल ते शोधत फिरतो, सापडलं की थांबतो."

त्या स्कॅनरवर गेल्या उन्हाळ्यापासून सूर्यभानना समुद्रावरची गस्त ऐकू येत होती. जप्ती, बेकायदा होड्या, हुकूम. समुद्र तिथून पार सह्याद्रीच्या पलीकडं. त्यांनी पोलिसांना फोन करून कळवलं की चावडीवर दोन होड्या आहेत. पोलिसांनी मुलाला फोन केला.

"आज ज्ञानेश्वर आलाय गाडी घिऊन. सांजच्याला नगरच्या डॉक्टरला दावायचं, आन् तितनं पुन्याला न्यायचं, कायमचं. म्या देवळात जाते म्हनून यष्टीत बसले." साळूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "खुळे असतील तर जाऊंद्यात. पर नसतील तर? खुळा नसलेला मानूस खुळ्यात नेऊन बसवला, तर त्यो हुईलच की खुळा."

सविता उठल्या. "गाडी काढा, भावजी."

*

शेवगावच्या अलीकडं एका ढाब्यावर 'ताजी मासळी' असा बोर्ड दिसला आणि गाडी आपोआप कडेला लागली.

"मासा नाही आज," ढाबेवाला म्हणाला. "गुरुवारी कोण खातंय? शेवभाजी देऊ का?"

"कामाच्या नादात वार लक्षात राहत नाही, वहिनी," अजिनाथ दुःखानं म्हणाला आणि शेवभाजी दोनदा घेतली.

नवं कुरणगाव म्हणजे आखून दिलेलं गाव. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा सरकारनं माळावर चुन्याच्या रेघा मारून दिल्या, तशीच घरं उभी राहिली. सरळ गल्ल्या, कोपऱ्यावर हातपंप, ग्रामपंचायतीची सिमेंटची खोली. ना वेस, ना पार, ना चावडी. म्हातारी माणसं बसथांब्यावर बसलेली.

सूर्यभान दारातच उभे होते. ताठ, दाढी केलेले, हात मात्र थरथरत होते. सविता कोण हे ऐकून त्यांनी बायकोकडं पाहिलं. रागावले नाहीत.

"चला. पुरावा काही नाही माझ्याकडे, आधीच सांगतो. हात असे, त्यामुळं लिहिणं बंद झालंय. जे आहे ते कानात आहे."

खोलीत स्कॅनर खरखरत होता.

"गस्तच आहे हे कसं ओळखलंत?" सवितांनी विचारलं.

"शिस्तीवरून." सूर्यभानांचा आवाज एकदम तरुण झाला. "मच्छीमार आपसात बोलतात ते आठवडी बाजारासारखं. मालाचं जहाज आपलं नाव सांगतं, बंदर विचारतं. गस्तीवाला आधी समोरच्याला दोनदा हाक मारतो, मग स्वतःचं नाव सांगतो, मग हुकूम. आणि ज्याला हुकूम मिळाला तो तोच हुकूम परत म्हणून दाखवतो. मरेपर्यंत ती सवय सुटत नाही. ऐका: गस्त एक, गस्त एक, मी गस्त दोन. चावडीवर दोन होड्या, विना परवाना. ओव्हर. मग उत्तर: समजलं, चावडीवर दोन होड्या. वेशीकडून या, पाराला वळसा घाला, जाळी जप्त करा. ओव्हर."

"होडी चावडीवर कशी जाईल?" अजिनाथ.

"सांकेतिक नावं असतात, अहो! आम्हीसुद्धा ठेवायचो." मग ते थांबले. "बोलणारे दोघं. एक जाडा आवाज. गस्त दोन कोवळा पोरगा असावा, पण शिस्त पक्की. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं सगळं, पण जोर दाखवणारी सुई पूर्ण वर असते."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलणारा जवळ असायला हवा. ह्या लहरी सरळ जातात, डोंगर ओलांडत नाहीत. हवा तापली की कधीमधी वाकतात, लांब पोचतात, पण मग क्षीण येतात. तेव्हा एकतर सगळी पुस्तकं खोटी, नाहीतर मी." ते किंचित हसले. "ज्ञानेश्वरला दुसरं सोपं वाटतं. मला सुद्धा वाटायला लागलंय."

"रोज येतं?"

"छे. काल पहाटे झुंबड होती, संध्याकाळी शांत. आज पहाटेही शांत. रविवारी उजाडायच्या आधी तर ऐकत राहावं. श्रावणात मात्र एक शब्द नाही. गणपती उठले आणि परत सुरू. पावसाळी हवेचा दोष असणार."

सविता स्कॅनरकडं बघत राहिल्या. त्यांना आतापर्यंत काहीच समजलं नव्हतं, आणि अजिनाथला त्यांच्याहूनही कमी.

*

ज्ञानेश्वर गाडीच्या डिकीत वडिलांची बॅग ठेवत होता. भोसरीच्या कारखान्यात तो सुपरवायझर. डोळ्यांखाली काळं.

"तुम्हाला वाटतंय मी त्यांना ढकलतोय," तो आपणहून म्हणाला. "तशी वेळ आलीय म्हणून. मागं होडी बघायला पाण्याकडं गेले, गाळात कमरेइतके रुतले. लोकांनी काढलं. पुढच्या वेळी कुणी नसलं तर?"

"तुम्ही स्वतः ऐकलंत कधी?"

"प्रत्येक सुट्टीला येऊन ऐकतो. खरखर. माझा मित्र रेडिओ इंजिनिअर आहे, त्याला आणलं. खरखर. पोलिसांना स्वतः घेऊन आलो, ते चहा पिऊन गेले. लोकांसमोर दादा असे कानाला हात लावून बसतात..." त्यानं डिकी धाडकन लावली.

"मुक्कामाला थांबला नाहीत कधी?"

"गुरुवारी आमची सुट्टी, शुक्रवारी पहिली शिफ्ट. दुपार कलली की निघावंच लागतं."

"मला चारपर्यंत वेळ द्या."

"कशासाठी?"

"खरं सांगू? अजून माहीत नाही."

काठावर होड्या पालथ्या पडल्या होत्या. बाभळीखाली एक काटक बाई जाळं विणत बसली होती. ही रंगुबाई, साळूबाईंनी वाटेत सांगितलं होतं, मासे विकून झाले की रिकामी पाटी बाजूला ठेवून रोज ओट्यावर बसते, सूर्यभानांच्या दर्याच्या गोष्टी ऐकते.

"जाळं फाटलंय का?" सवितांनी विचारलं.

"जरासं. तिनीसांजंला टाकायचं हाय, म्हून घाई."

"मासा आहे का काही?" अजिनाथनं आशेनं विचारलं.

"आज कुटला? उद्या या, दादा. पाराजवळचा मरळ देते, चांगला हाताएवडा. तितं दगडाची कपार हाय, त्यात बसतोय त्यो."

अजिनाथनं मागं वळून सपाट गावाकडं पाहिलं आणि मान हलवली.

"रंगुबाई, सूर्यभानकाकांचं डोकं फिरलंय म्हणतात, खरं का?"

सुई थांबली. "काका खुळे न्हाईत."

"गाव तर म्हणतंय."

"गावाला काय कळतंय? न्हाईत म्हनलं ना." ती पुन्हा विणायला लागली, पण गाठ चुकली.

मत्स्य संस्थेचे चेअरमन गोरक्षनाथ मोटारसायकलवरून आले. धिप्पाड गडी, आवाज घागरीतून आल्यासारखा. पाहुण्यांची बातमी त्यांना लागली होतीच.

"दहिफळेकाका म्हंजी देवमानूस हो. पर वय झालं. रेडिओ-बिडिओ इकडं कुनाकडं न्हाई. साधा मोबाईलबी पान्यावर लागत न्हाई."

"मग चोर येत नाहीत तुमच्या पाण्यात?"

"येत्यात की! पल्याडनं येत्यात, बारीक जाळी टाकून पिलंबी नेत्यात. आमी ठेका घ्यायचा आन् त्यांनी मासं."

"पकडता कसे?"

"नजर ठिवतो."

"एवढ्या पाण्यात? दोन होड्या लांब असल्या तर एकमेकांना सांगता कसं?"

"वराडतो," गोरक्षनाथ म्हणाले आणि पाण्याकडं बघायला लागले. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"बरं. चार वाजता दहिफळ्यांच्या ओट्यावर या. रंगुबाईंना घेऊन."

"चार वाजता, दहिफळ्यांच्या वट्यावर, रंगूला घिऊन," गोरक्षनाथ म्हणाले आणि किक मारली.

सविता जागच्या हलल्या नाहीत.

"काय झालं, वहिनी?"

"भावजी, काही नाही. तुम्हाला उद्या मरळ खायला मिळणार बहुतेक."

*

चार वाजता ओट्यावर सगळे जमले. सूर्यभान खुर्चीत, बाहेर जायचे कपडे घालून. साळूबाई खांबाला टेकून. ज्ञानेश्वर गाडीची किल्ली बोटात फिरवत. रंगुबाई पायरीवर, गोरक्षनाथ उभेच.

"लवकर सांगा, मॅडम," ज्ञानेश्वर म्हणाला. "डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"सांगते. मी रेडिओतलं काही जाणत नाही, त्यामुळं मी दुसऱ्याच गोष्टींकडं बघत होते." सविता ओट्याच्या कडेला बसल्या. "ज्ञानेश्वर, तुम्ही कुणाकुणाला आणलंत, सगळे गुरुवारी आणलेत ना?"

"इतर वारी सुट्टीच नसते."

"आणि गुरुवारी आपल्याकडं मासा खात नाहीत. ढाब्यावरसुद्धा मिळत नाही. गुरुवारी विकायचा नाही म्हणजे बुधवारी संध्याकाळी जाळं टाकायचं नाही. काका म्हणाले, काल पहाटे झुंबड, संध्याकाळपासून शांत. रविवारी सगळं गाव खातं, तेव्हा ऐकत राहावं इतकं बोलणं. श्रावणात एक शब्द नाही, गणपती उठेपर्यंत नाही. हा पावसाळी हवेचा दोष नाही. समुद्रावरची गस्त काही आपले वार पाळत नाही. ज्या पाण्याचं बोलणं आपल्या ताटाबरोबर सुरू होतं आणि बंद होतं, ते पाणी इथलंच."

सूर्यभान पुढं झुकले. "पण सुई—"

"सुई बरोबरच सांगत होती. बोलणारा जवळ आहे. पुस्तकंही खरी आणि तुम्हीही."

"मग चावडी?" अजिनाथ म्हणाला. "वेस? इथं तर काहीच नाही."

"वर नाही. खाली आहे." सवितांनी पाण्याकडं बोट केलं. "जुनं कुरणगाव तिथं आहे. त्याची वेस, चावडी, पार. गाव वर आलं, पण मासे धरणाऱ्यांनी पाण्यातल्या जागांना जुनीच नावं ठेवली. रंगुबाई तुम्हाला म्हणाल्या, पाराजवळ दगडाची कपार आहे, मरळ त्यात बसतो. मासा बसतो तो पार पाण्यातच असणार. काका पाथर्डीचे, त्यांना बुडालेल्या गावाच्या खुणा माहीत नाहीत. त्यांना वाटलं सांकेतिक नावं. पोलिसांना वाटलं म्हातारा बरळतोय. चावडीवर होड्या खरंच होत्या. चावडीच्या वर."

साळूबाई सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"ह्या अंदाजानं काय सिद्ध हुतंय?" गोरक्षनाथ म्हणाले. "कोन बोलतंय?"

"काका म्हणाले, हुकूम घेणारा तोच हुकूम परत म्हणून दाखवतो, आणि सवय सुटत नाही. मी तुम्हाला चार वाजता ओट्यावर बोलावलं. तुम्ही काय उत्तर दिलंत आठवतंय?"

गोरक्षनाथ मोटारसायकलीकडं बघायला लागले.

"माणसं 'येतो' म्हणतात, गोरक्षनाथ. तुम्ही वेळ, जागा आणि माणूस परत म्हणून दाखवलंत. ही शिस्त मासेमारीत नसते. ती ह्याच ओट्यावर शिकवली जाते, रोज, दर्याच्या गोष्टींत. इथून ऐकायचं आणि तुम्हाला जाऊन सांगायचं, असं एकच माणूस रोज इथं बसतं. आणि अख्ख्या गावात काका खुळे नाहीत असं छातीठोक सांगणारंही तेच एक माणूस. विश्वास असणं वेगळं, रंगुबाई, आणि माहीत असणं वेगळं."

"खोटं हाय," गोरक्षनाथ म्हणाले, पण घागर रिकामी वाजली. "आमच्याकडं कसलं यंत्र न्हाई."

ज्ञानेश्वरनं घड्याळ पाहिलं. "मॅडम, तुमचं म्हणणं पटतंय. पण नुसतं म्हणण्यावर मी त्यांना परत इथं एकटं सोडू? उद्या पुन्हा गाळात गेले तर? दादा, चला."

सूर्यभान उठले. कुणाशी वाद न घालता पायरीपर्यंत आले. रंगुबाई वाटेत बसली होती. ती उठली, पण बाजूला झाली नाही.

"त्यास्नी नगा नेऊ," ती म्हणाली. "गस्त दोन म्या हाय."

"रंगे!" गोरक्षनाथ ओरडले.

"ओरडू नगा. रोज म्या ह्यांच्या दारात मासं देते, ह्यांचा च्या पिते, आन् ह्यो मानूस माज्यामुळं खुळा ठरतोय. मला रात-रात झोप न्हाई." ती सूर्यभानांकडं वळली. "ममईच्या गोदीबाजारातनं चेरमनच्या भाच्यानं दोन यंत्रं आनली. जहाजावरची जुनी. जे चॅनेल लावून आलं तेच हाय, बदलाया कुनाला येतंय? बोलायचं कसं ते तुमच्याकडनं ऐकलं, मी ह्यांना शिकिवलं. तुमीच एकदा सांगितलं, बिनपरवान्याचा सेट सापडला तर मालकाला तुरुंगात घातला. म्हून तोंड उगडलं न्हाई. मंग तुमी पोलिसबी बोलावलं."

सूर्यभान तिच्याकडं वळले.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"तिथं बोलतेस तसं."

रंगुबाईनं घसा खाकरला. हात आपोआप तोंडाजवळ गेला. आणि तिच्या तोंडून वेगळीच भाषा बाहेर पडली, अगदी ओट्यावरची: "गस्त एक, गस्त एक, मी गस्त दोन. चावडीवर दोन होड्या, विना परवाना. ओव्हर."

सूर्यभानांनी डोळे मिटले. ज्ञानेश्वरच्या बोटातली किल्ली थांबली.

"कोवळा पोरगा," सूर्यभान स्वतःशीच म्हणाले. मग अगदी हळू, "म्हणजे समुद्र नव्हताच."

एवढा एक हिशोब सवितांच्या उलगड्यात बसत नव्हता. माणूस शहाणा ठरला होता आणि तरी त्याचं काहीतरी गेलं होतं.

"काय म्हनती ती?" साळूबाईंनी विचारलं. "कुनी मला सांगंल का?"

सूर्यभान त्यांच्या कानाशी वाकले. "मी खुळा नाही म्हणते!"

"मग येवडा वेळ का लावला?" साळूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसल्या.

ज्ञानेश्वर गाडीकडं गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला. बॅग घेऊन तो परत आला, ती त्यानं दाराच्या आत ठेवली आणि वडिलांकडं न बघता म्हणाला, "दादा, चुकलं माझं."

"तू ऐकलंस तेव्हा खरखरच होती. ऐकलं ते सांगितलंस. ऑपरेटरनं तेच करायचं असतं." सूर्यभान पुन्हा खुर्चीत बसले आणि आता त्यांचा आवाज कडक झाला. "गोरक्षनाथ, तो चॅनेल संकटात हाक मारायचा. त्यावर मरळांच्या गप्पा चालत नाहीत. परवाना नाही, सेट तुमच्या कामाचे नाहीत. हा गुन्हा आहे."

"बंद करतो, काका. आजच."

"बंद केल्यावर हाक कुनाला मारायची?" रंगुबाई म्हणाली. "मागं वारं सुटलं, वल्हं मोडलं, होडी वेशीकडनं आत ओडाया लागली. गस्त एकनं ऐकलं म्हून मी जित्ती हाय. आज तिनीसांजंला पुन्ना जायचं हाय पान्यावर."

सूर्यभान उठू लागले आणि पुन्हा बसले. जन्मभर नियमानं चाललेला माणूस असा मधोमध अडकलेला बघवत नव्हता.

"अर्ज मी सांगतो, ज्ञानेश्वर लिहील," ते शेवटी म्हणाले. "दुसरे सेट, दुसरा चॅनेल, संस्थेच्या नावानं परवाना. वेळ लागेल. सरकारी काम आहे."

"आन् तवर?" गोरक्षनाथांनी घाबरत विचारलं.

सूर्यभानांनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं.

"तोवर माझ्या कानांचा काय भरवसा?" ते म्हणाले. "काहीबाही ऐकू येतं मला. पोलिसांत तशी नोंदसुद्धा आहे."